म्हशीला बटन नसतं

म्हशीला बटन नसतं, ही सोपान मिस्त्रींची निसर्गाविरुद्धची मुख्य तक्रार होती. मशिनला बटन असतं. दाबलं की चालू, दाबलं की बंद. बंद मशिनच्या पोटात हात घालून माणूस निवांत गाणं म्हणू शकतो. म्हशीचं तसं नाही. ती उभी असो, बसलेली असो, डोळे मिटून रवंथ करत असो, आतून ती चालूच असते. “आन कवा गियर टाकंल, सांगता येत न्हाई, सावंत,” असं ते मला अगदी गंभीरपणे सांगायचे.

सावंत म्हणजे मी. रत्नागिरीकडून आलो आणि पिंपरीच्या एका कंपनीत स्टोअर्सचा कारकून म्हणून चिकटलो. कासारवाडीला रेल्वेच्या रुळांजवळ एक चाळ होती, तिथे मिस्त्रींची आणि माझी भिंत एक होती. ते मूळचे मावळातले. कंपनीत मेंटेनन्स खात्याचे हेडमिस्त्री. घरात बायको गयावहिनी आणि एकुलती एक मुलगी शालू. मिस्त्री अंगाने किरकोळ, आवाजाने दणकट. कानावर पेन्सिल, खिशात स्क्रू-ड्रायव्हर. मशिन कुरकुरायला लागलं की स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मशिनला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर असायचं. चुकलं तर मशिनची चूक असायची.

असा हा माणूस, ज्याला वरिष्ठ साहेबसुद्धा वचकून असायचे, तो जनावरांना भ्यायचा. थोडाथोडका नाही. गल्लीत शेळी शिरली की मिस्त्री जे दार उघडं दिसेल त्यात शिरायचे आणि प्यायला पाणी मागायचे. आमच्याकडे ते पाणी मागायला आले की माझी बायको आधी बाहेर डोकावून शेळी कुठवर आली ते बघायची, आणि त्या अंदाजाने तांब्या भरायची. कोंबडी समोर आली तर ते वाट वाकडी करायचे आणि जाता जाता कोंबडीकडे बघून टोपी नीट करायचे. भीती वाटते असं मात्र त्यांनी कधी कबूल केलं नाही. वारा बरा नाही, ऊन लागतंय, पायात काटा गेलाय, अशी काहीतरी सबब तयार असायची.

आता त्यांच्या लाल पाटीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यापायी घडलं.

कंपनीत मशिन दुरुस्तीला घेतलं की त्यावर तारेने एक लाल पत्र्याची पाटी टांगायची. पाटीवर लिहिलेलं असायचं: ‘दुरुस्ती चालू. हात लावू नये.’ खाली टांगणाऱ्याची खडूने सही. नियम एकच. ज्याने पाटी टांगली, त्यानेच ती काढायची. साहेब आला, मोठा साहेब आला, तरी दुसऱ्याने काढायची नाही. या पाट्या स्टोअर्समधून मीच द्यायचो, आणि मिस्त्री त्या घरचे दागिने घेतल्यासारख्या दोन्ही हातांनी घ्यायचे.

खात्यात नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी मिस्त्री आपला डावा पंजा त्याच्या नाकासमोर धरायचे. “मोज.” पोरगा गोंधळून मोजायचा. तीन बोटं पुरी आणि दोन अर्धी. “दुसऱ्या कंपनीत असताना आमचा हात प्रेसमंदी व्हता. पाटी टांगल्याली व्हती. येका शहान्याला घाई झाली, त्यानं काढली आन बटन दाबलं. आता सांग, पाटी कोन काढनार?” पोरगा म्हणायचा, “ज्यानं टांगली तो.” तेवढं पाठ झालं की शिक्षण पूर्ण. मेंटेनन्स खात्यातली पोरं घरच्या देवाची शपथ मोडतील, पण मिस्त्रींच्या पाटीला हात लावणार नाहीत, अशी त्यांची जरब होती.

अशा माणसाच्या पोटी शालू जन्मली. शालूला जनावरं आवडायची. लहानपणी ती चाळीतल्या मांजरांच्या तोंडात बोट घालून दात मोजायची आणि मिस्त्री ओसरीच्या टोकावर उभे राहून “गया, पोरीला आत घे” असं ओरडायचे. कॉलेजात सायन्सला गेल्यावर एक दिवस जेवताना तिने जाहीर केलं की आपल्याला डॉक्टर व्हायचंय. मिस्त्रींना उचकी लागायचीच बाकी होती, इतका आनंद झाला.

“जनावरांची,” शालू म्हणाली.

भिंतीपलीकडे आमच्याही घरात सगळे जेवायचे थांबले.

“मानसांचं काय वाईट हाय?” मिस्त्रींनी विचारलं.

“माणसं फार बोलतात, आबा.”

यावर मिस्त्री पुष्कळ बोलले आणि मग गप्प झाले. दोन दिवस ते कंपनीतही गप्प होते. तिसऱ्या दिवशी स्टोअर्सच्या खिडकीशी येऊन मला म्हणाले, “हुईना का जनावरांची. पन सावंत, आमच्या खात्यात अप्रेंटिसशिप केल्याबिगर कुनाच्या हातात पाना देत न्हाईत. आधी झाडू, मंग तेल, मंग पाना. कॉलेज मागनं. आधी गोठा.”

आमच्या चाळीला दूध यायचं ते नदीपलीकडच्या पिंपळे गुरवच्या बबनरावांकडून. जुनं गावकरी घर, गोठ्यात म्हशी, आणि ज्ञानू आणि विठू हे दोन मुलगे आमच्याच कंपनीत, मिस्त्रींच्याच हाताखाली. एका रविवारी मिस्त्री शालूला घेऊन तिथे गेले. बरोबर मलाही नेलं. शालूच्या अंगात आबांचा जुना निळा डगला, गयावहिनींनी उसवून लहान केलेला. मिस्त्री फाटकाबाहेरच थांबले आणि पहिला प्रश्न विचारला, “दावं किती लांब हाय?”

“मिस्त्री, आत या की,” बबनराव म्हणाले.

“न्हाई, हितं बरं हाय. वारा हाय.”

मग फाटकाबाहेरून ओरडून ओरडून त्यांनी मुलीची अप्रेंटिसशिप ठरवली. पोरगी रोज सकाळी कॉलेजच्या आधी येईल, पडेल ते काम करील, सांगाल ते शिकेल. बबनरावांना काही समजलं नाही. फुकटात शेण काढायला येणारी सायन्सची मुलगी त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. पण पोरांच्या मिस्त्रींना नाही कसं म्हणणार?

पहिले काही दिवस बबनरावांची आई शालूला चहा द्यायची तो निराळ्या कपात. तो कप गोठ्याच्या तुळईवर ठेवलेला असायचा. का, ते सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. शालूने घरी सांगितलं. मिस्त्रींनी त्या दिवशी पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली, एवढंच. दुसऱ्या सकाळी ते थर्मास आणि स्टीलचे दोन पेले घेऊन गोठ्याच्या फाटकाशी हजर. दोन्ही पेल्यांत चहा ओतला आणि एक बबनरावांपुढे धरला. “पाव्हणं, आधी तुमी आमच्या पेल्यातनं घ्या. मंग आमी तुमच्या घेऊ.” ज्ञानू आणि विठू बघत होते. बबनरावांनी एकदा आईकडे पाहिलं, पेला घेतला आणि फुर्र फुर्र करत संपवला. “साखर लई टाकता मिस्त्री,” असंही म्हणाले. तुळईवरच्या कपात पुढे शालू हळद-तेल कालवायची.

अप्रेंटिसशिप कंपनीच्या शिस्तीने चालली होती. आधी झाडू. शालू शेण काढायची आणि मिस्त्री पहिल्या पाळीला जाता जाता फाटकाबाहेरून तपासणी करायचे. “त्या कोपऱ्यात ऱ्हायलंय.” मग तेल. शिंगांना तेल, खुरांना तेल. मिस्त्रींचा तेलपाण्यावर फार विश्वास. माणूस आजारी पडला तरी ते विचारायचे, “तेलपानी येळेवर व्हतं का?” एकदा एका म्हशीने वैरण सोडली तेव्हा मिस्त्री स्वतः निदानाला आले. म्हशीजवळ तर जायचं नाही, मग स्क्रू-ड्रायव्हर कसा लावणार? त्यांनी कंपाउंडची एक लांबलचक सळई उपसली, एक टोक फाटकाबाहेरून म्हशीच्या पोटाला टेकवलं, दुसरं आपल्या कानाला लावलं आणि डोळे मिटले.

“आत बेरिंग गेलीय,” मिस्त्री म्हणाले.

तेवढ्यात म्हशीला गुदगुल्या झाल्या असाव्यात. तिने अंग झाडलं, सळई उडाली आणि मिस्त्रींची टोपी फाटकापलीकडे शेणात पडली. शालूने तोवर म्हशीच्या तोंडात हात घालून दाढेत अडकलेली बाभळीची काटकी काढून दाखवली होती. मिस्त्री टोपीकडे बघत म्हणाले, “तेच सांगत व्हतो. आवाज वरनंच येत व्हता.”

या सगळ्याची खबर वहिनींच्या भावाला, म्हणजे शालूच्या मामांना लागली. मामा खेडच्या बाजूला राहायचे आणि गंभीर गृहस्थ होते. ते शालूसाठी चाकणचं एक स्थळ घेऊन आले. नेमके ज्या वेळी आले, ती वेळ मात्र चांगली नव्हती.

गावात सायकलवरून येणाऱ्या सरकारी डॉक्टरांनी शालूला बैल दोराने कसा पाडतात ते दाखवलं होतं. गळ्यात दोर, तो छातीभोवती, मग पोटाभोवती फिरवायचा आणि मागून ओढायचा. जनावर आपोआप बसतं. सरावाला बैल कुठून आणायचा? बबनरावांच्या म्हशी द्यायला बबनराव तयार नव्हते. तेव्हा मिस्त्री म्हणाले, “मी हाय की.” आणि चाळीच्या अंगणात, भर रविवारी, सगळ्यांच्या देखत हेडमिस्त्री हातापायांवर ओणवे झाले. शालूने दोर टाकला. विठू शेपटीच्या बाजूने ओढायला. “हंबरा की आबा, म्हणजे खरं वाटेल,” असं शालू म्हणाली म्हणून ते हंबरलेही. तेवढ्यात मामा फाटकातून आत आले.

मामांनी पिशवी खाली ठेवली. “दाजी?”

“या पाव्हणं,” बैल म्हणाला. “बसा.”

मामा बसले नाहीत. त्यांना जे बोलायचं होतं ते त्यांनी उभ्याउभ्याच, अंगणातल्या सगळ्यांसमोर बोलून टाकलं. “दाजी, आपल्या बापजाद्यांनी गावची मेल्याली ढोरं वढली. त्ये काम सोडलं, गाव सोडला, धम्म घेतला. कशापायी? आन तुमी पोरीला फिरून ढोरातच धाडताय?”

अंगणात कुणी हसलं नाही. गयावहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला. मिस्त्रींनी ओणव्यानेच मान वर केली. दोरात हात अडकलेले, घाम नाकाच्या शेंड्यावर.

“पाव्हणं, आमी मेल्याली वढत व्हतो. ही जित्ती ठेवनार हाय. ह्यात फरक हाय का न्हाई, तुमीच सांगा.”

मामांनी खाली ठेवलेली पिशवी उचलून ओसरीवर ठेवली. वाईट माणूस नव्हता तो. भाचीची काळजी होती त्यांना. शेवटी म्हणाले, “ठीक. ह्या वर्साला कॉलेजात नंबर लागला, तर मी सोता पेढे वाटतो. न्हाई लागला तर चाकणचं स्थळ. शबूद द्या.”

“दिला,” मिस्त्री म्हणाले. “आता ही गाठ सोडा. पोरीला घालाया येती, पन सोडाया अजून येत न्हाई.”

मामांनीच गाठ सोडली. पण शब्द दिला गेला होता आणि मिस्त्री दिलेला शब्द फिरवणारे नव्हते, हे शालूला पक्कं माहीत होतं. त्या दिवसापासून ती हसायची कमी झाली. एकच वर्ष, आणि मुंबईच्या कॉलेजची एकच मुलाखत. गोठ्यातून आली की कंदिलाजवळ पुस्तक, आणि पुस्तकातून उठली की गोठा. मिस्त्री तिच्याकडे चोरून बघायचे आणि मला विचारायचे, “सावंत, मी जरा लवकरच शबूद दिला काय हो?” मला वाटायचं हो म्हणावं. पण त्यांचा चेहरा बघून मी पाट्या मोजायला घ्यायचो.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी बबनरावांच्या चंद्री म्हशीचा मागचा पाय पत्र्याने कापला. चंद्री गोठ्यातली सगळ्यात दुधाळ आणि सगळ्यात तिरसट. शालूने जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली आणि म्हणाली, “पट्टीला कुणी हात लावू नका. मी उद्या आल्यावर बघते.” एवढं सांगून ती विहिरीवर हात धुवायला गेली. मिस्त्री फाटकाशीच होते. तोंडी सूचनेवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. त्यांनी पिशवीतून लाल पाटी काढली, खडूने सही केली, पाटी एका काठीच्या टोकाला अडकवली आणि फाटकाबाहेरून लांबवून चंद्रीच्या शिंगात टांगली. स्वतःवर इतके खूश झाले की कुणाला सांगायचंही राहून गेलं. सकाळच्या पहिल्या गाडीने बापलेक मुंबईला गेले.

सकाळी ज्ञानू बादली घेऊन गोठ्यात आला. बाकीच्या म्हशींची धार काढली, चंद्रीपाशी आला आणि जागच्या जागी थांबला. ‘दुरुस्ती चालू. हात लावू नये.’ खाली सही मिस्त्रींची.

त्याने विठूला हाक मारली. विठूने पाटी वाचली आणि तोही दोन पावलं मागे सरला. बबनराव नेमके चाकणच्या बाजाराला गेलेले. आजी ओरडली, “आरं मुडद्यांनो, म्हस हाय ती! धार काढा!” ज्ञानू म्हणाला, “आजे, पाटी हाय.” आजी स्वतः पाटी उपसायला निघाली तर विठूने तिला धरून ठेवलं. “आजे, बोटं जातील!” कुणाची बोटं आणि कशी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण मिस्त्रींचा पंजा त्याच्या डोळ्यांपुढे आला होता.

आठाचा भोंगा झाला तरी चंद्री तशीच. कास तट्ट भरली, ती पाय आपटायला लागली, ओरडायला लागली. आमच्या चाळीतून लोक दूध का आलं नाही म्हणून बघायला गेले आणि तिथेच थांबले. सगळे कंपनीचेच, पाळी बुडवून आलेले. प्रत्येक जण यायचा, आता काढतोच अशा आवेशात पुढे व्हायचा, पाटी वाचायचा आणि हात मागे बांधून उभा राहायचा. शेवटी मला बोलावणं आलं, कारण पाटी स्टोअर्सची. “सावंत, तुम्ही दिली, तुम्हीच रद्द करा.” मी चष्मा पुसून पाटी नीट वाचली आणि सांगितलं की दिलेली पाटी टांगली गेल्यावर स्टोअर्सचा तिच्याशी संबंध राहत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. आजीने आम्हा सर्वांना एकत्र जी शिवी घातली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

मग युनियनच्या एका पुढाऱ्याने सुचवलं की रेडकू सोडावं. त्यावरही चर्चा झाली. शेवटी विठू म्हणाला, “रेडकू मस्टरवर न्हाई. त्याला नियम लागू न्हाई.” हे सर्वांना पटलं. रेडकू सोडलं. ते आपल्या पोटापुरतं प्यायलं आणि त्याने तिथेच अंग टाकलं. चंद्रीची कास होती तेवढीच तट्ट राहिली.

संध्याकाळच्या गाडीला कासारवाडी स्टेशनवर आम्ही दहा-पंधरा जण उभे होतो. मिस्त्री उतरले, मागून शालू. तिचा चेहरा कोरा. मुलाखत कशी झाली हे कुणीच विचारलं नाही. ज्ञानू एका दमात सगळं बोलून गेला. मिस्त्रींनी फक्त एकच विचारलं, “पाटी कुनी काढली न्हाई?”

“न्हाई मिस्त्री.”

“सावंत आलं, युनियन आली, तरी न्हाई?”

“न्हाई.”

मिस्त्रींचे डोळे भरून आले. “शाब्बास रं पोरांनो,” ते म्हणाले. मग म्हैस आठवली आणि ते धावत सुटले.

गोठ्यात पोहोचताच शालू बाही वर करून चंद्रीकडे निघाली. ज्ञानू आडवा आला. “शालूताई, नगं. सही मिस्त्रींची हाय.”

सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. मिस्त्रींनी काठीकडे पाहिलं. कालची काठी गोठ्यातच पडून राहिली होती; चंद्रीने दुपारीच तुडवून तिचे तुकडे केले होते. फाटक उघडं होतं. वारा नव्हता, ऊन नव्हतं, पायात काटा नव्हता. मिस्त्रींनी टोपी काढून माझ्या हातात दिली. माणूस रणात निघाल्यासारखा वाटला.

“चंद्राबाई,” मिस्त्री म्हणाले. जनावराला ते अहो-जाहो करतात हे मला त्या दिवशी कळलं. “जरा दमानं घ्या. आमीच हाय.”

चंद्रीने फुसकारा टाकला. मिस्त्री थांबले. परत एक पाऊल. शालू हळू आवाजात सांगत होती, “समोरून नको आबा, बाजूनं. बोलत राहा. हात दिसू दे तिला.” मिस्त्री बोलत राहिले. मुंबईचं हवामान, गाडीतली गर्दी, जे सुचेल ते चंद्रीला सांगत ते तिच्या बाजूला पोहोचले, डोळे मिटले, अर्ध्या बोटांच्या हाताने शिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने तार सोडवली. पाटी निघाली. विठूने टाळ्या वाजवल्या तेव्हा आजीने त्याला रपाटा घातला.

शालू खाली बसली आणि धार काढायला लागली. बादली फेसाने भरली, दुसरी आणली. चंद्री शांत झाली, मान सैल सोडून उभी राहिली. मिस्त्री अजून शिंग धरून, डोळे मिटून.

“आबा, सोडा आता.”

“धार झाली का?”

“केव्हाच झाली.”

“मंग हिला सांग मला सोडाया.”

त्यांची बोटं शालूने आणि मी मिळून एकेक करून उकलली.

घरी परतताना शालूने मुलाखतीचं सांगितलं. एका साहेबांनी विचारलं, घाबरलेल्या जनावराजवळ कसं जाल? ती म्हणाली, बाजूने जाईन, बोलत बोलत, हात दिसेल असा. घरी सवय आहे. साहेब म्हणाले, घरी जनावर आहे का? ती म्हणाली, “नाही, वडील आहेत.” सगळे साहेब हसले म्हणे. तिला वाटलं, हसण्यावारी नेलं, गेला आपला नंबर. जेवणं झाल्यावर मिस्त्री ओसरीवर बसले होते, तेव्हा मला म्हणाले, “सावंत, भेतो मी. तुमाला म्हाईत हाय, न्हवं?”

मी म्हटलं, थोडंसं.

“सात-आठ वर्सांचा असंन. गावात येकाचा बैल मेला. बाप वढाया निघाला, मलाबी संगं नेलं. मी शेपूट धरली, बापानं पाय. आन बैल उठला की हो! मेलाच नव्हता! बाप येकीकडं, मी येकीकडं. शेपूट हातातनं सुटंना. त्यानं मला पार वढ्यापातुर नेलं.” मिस्त्री हसत होते, पण मूठ अजून शेपूट धरल्यासारखी वळलेली. “तवापासनं जनावर बसल्यालं दिसलं तरी वाटतं, आता ह्ये उठनार.”

महिन्याभराने शालूचा नंबर लागल्याचं कळलं. मामांनी शब्द पाळला आणि पेढे वाटले; चाळीतल्या शेळीलाही एक दिला. मिस्त्री त्या वेळी आमच्या घरी पाणी पीत होते.

पुढे मी नोकरी बदलली, चाळ सोडली. ऐंशी सालाच्या पुढेमागे केव्हातरी कांद्याच्या कामाने चाकणला गेलो होतो. कुणीतरी सांगितलं, पलीकडच्या गावात सरकारी दवाखान्यात कांबळेबाई म्हणून जनावरांच्या डॉक्टर आहेत, वडीलही तिथेच असतात. सोपान कांबळ्यांची शालूच ती. मी गेलो.

दवाखान्याच्या ओट्यावर मिस्त्री बसले होते. दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी. मोतीबिंदू काढला होता. गळ्यात तारेने लाल पाटी टांगलेली. ‘दुरुस्ती चालू. हात लावू नये.’ खाली सही शालूची. समोर एक बैल आडवा पडलेला आणि त्याच्या वेसणीचा दोर मिस्त्रींच्या हातात.

मी आवाज दिला. त्यांनी लगेच ओळखलं. “सावंत! बसा. पाटीला हसू नगा. पोरीनंच घातलीय. मी गप बसत न्हाई म्हनून. कुनी जनावर आनलं की मी धराया उठतो, डोळ्याला जोर बसतो.”

“तुम्ही धरता?”

“मंग? अप्रेंटिस लागतोच की कुनीतरी.” मग दोर किंचित हलवून म्हणाले, “ह्यो बैल सकाळी गाडीत घालून आनला. मालक म्हनला, गेल्यातच जमा हाय. पोरीनं बाटली लावली, सुया टोचल्या आन दुसऱ्या गावाला गेली. मला म्हनली, आबा, दोर धरून बसा, उठला तर कळंल.”

आम्ही जुन्या गोष्टी काढल्या. चंद्री, ज्ञानू, आजीची शिवी. बोलता बोलता दोर ताणला गेला. बैलाने पुढचे पाय रोवले, एकदा लडबडला, परत खाली बसला, आणि मग मागून उचल खाऊन धडपडत उभा राहिला. त्याने अंग झाडलं. दोराला जोराचा हिसका बसला. मला वाटलं, मिस्त्री आता दोर सोडतील.

“सावंत,” त्यांनी हळूच विचारलं, “उठला?”

“उठला.”

“चारी पायांवर?”

“चारी.”

मिस्त्री लहान पोरासारखे खिदळले. अर्ध्या बोटांनी दोराचा एक वेढा मनगटाला घेतला. त्यांना बैल बघायचा होता. हात आपोआप डोळ्यांच्या पट्टीकडे गेला. मी म्हटलं, “थांबा, मी जरा वर करतो, एक क्षणभर बघा.”

त्यांनी माझा हात झटकून टाकला आणि छातीवरची पाटी मला बोटाने दाखवली.

“हात लावू नगा. सही तिची हाय. येईल ती.”